मूलद्रव्य-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर
प्रयोगशाळेतील उपकरणांनी नोंदवलेल्या संकेतांवरून नमुन्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण काढणाऱ्या संगणकप्रणाली. क्ष-किरण अनुस्फुरण (क्ष-किरण पाडल्यावर नमुन्यातून निघणारे क्ष-किरण मोजणे), इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब (इलेक्ट्रॉन-शलाका वापरून हेच मोजणारे उपकरण), आयसीपी-एमएस (आर्गॉनच्या प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारे उपकरण), सीएचएन विश्लेषक (कार्बन, हायड्रोजन व नायट्रोजन मोजणारे उपकरण) इत्यादींबरोबर त्या वापरतात. ब्लँक (नमुना नसतानाचा संकेत) वजा करणे, स्टँडर्डवरून (ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यावरून) कॅलिब्रेशन व ड्रिफ्टची (उपकरणाच्या संकेतात हळूहळू होणाऱ्या बदलाची) दुरुस्ती ही त्यांची नित्याची कामे.

या गणिताचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. मायक्रोप्रोबपुरता तो रेमाँ कास्तँ यांच्या १९५१ च्या पॅरिस येथील प्रबंधात आहे. क्ष-किरण अनुस्फुरणात ‘मूलभूत प्राचल’ (भौतिक स्थिरांकांवरून तीव्रता व घटकांचे नाते मांडणाऱ्या) पद्धतीचे श्रेय बहुधा क्रिस व बर्क्स (१९६८) यांना दिले जाते. परंतु घटकांच्या प्रमाणावरून क्ष-किरणांची तीव्रता काढण्याची समीकरणे शर्मन यांनी १९५५ मध्येच मांडली होती. मात्र विश्लेषकाला हवे असते ते उलटे, म्हणजे तीव्रतेवरून घटक. त्यासाठी अंदाज धरून तो पुन्हा पुन्हा सुधारावा लागतो आणि हाताने हे काम अतिशय वेळखाऊ ठरते. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या इतिहासाचा आरंभ म्हणून १९६८ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. सिलिकेट खनिजांसाठी बेन्स व अल्बी यांची सोपी गुणकपद्धतीही त्याच वर्षीची.

दुरुस्तीचे गणित किती नाजूक असते, हे आयसीपी-एमएसमधील आर्सेनिकवरून कळते. आर्सेनिकचा स्थिर समस्थानिक (ठरावीक वस्तुमानाचा अणुप्रकार) एकच, वस्तुमानांक ७५. आर्गॉन-४० व क्लोरीन-३५ मिळून झालेला आयनही नेमका तेथेच येतो. परिणामी हायड्रोक्लोरिक आम्लातील नमुन्यात नसलेले आर्सेनिक दिसते. क्लोरीन-३७ चा जोडीदार आयन ७७ वर येतो आणि क्लोरीनच्या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर ३.१३ च्या आसपास असते, म्हणून ७७ वरून ७५ मधील भेसळ काढता येते. पण ७७ वर सेलेनियमही असते. ते ८२ वरून अजमावून आधी वगळावे लागते. अमेरिकेच्या ईपीएच्या (पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) २००.८ क्रमांकाच्या पद्धतीतील सूत्र असे :

आर्सेनिक = ७५ वरील संकेत − ३.१२७ × (७७ वरील संकेत − ०.८१५ × ८२ वरील संकेत)

सेलेनियमच्या या दोन समस्थानिकांचे नैसर्गिक गुणोत्तर मात्र सुमारे ०.८७ आहे. तेव्हा ०.८१५ डोळे मिटून न स्वीकारता स्वतःच्या उपकरणावर पडताळलेला बरा. नमुन्यात ब्रोमीन असल्यास त्याचा हायड्राइड आयन ८२ वर येतो, वजाबाकी कमी पडते आणि आर्सेनिक खोटेच वाढते. आर्गॉन वायूत मिसळलेला क्रिप्टॉनही तेथेच उपद्रव देतो. हीलियम भरलेल्या कोलिजन सेलमुळे (ज्या कक्षात टकरींमुळे असे जोड-आयन गाळले जातात) अलीकडे या सूत्राची गरज बरीच कमी झाली आहे.

सीएचएनचे गणित त्यामानाने सरळ. ॲसिटॅनिलाइडसारख्या शुद्ध संयुगावर (कार्बन ७१.०९ टक्के) गुणक ठरवला की झाले.

उपकरणासोबत मिळणाऱ्या प्रणालींतले स्थिरांक पुष्कळदा वापरणाऱ्याला दिसत नाहीत. याउलट फ्रान्समधील ग्रनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉन संस्थेतील, क्ष-किरण अनुस्फुरणासाठीची ‘पायएमसीए’ मुक्तस्रोत आहे. लेसर अपक्षरणाच्या (लेसरने नमुन्याचा कण उडवून तो आयसीपी-एमएसमध्ये मोजण्याच्या) विदेसाठी ऑस्ट्रेलियातील मॅक्वायरी विद्यापीठात तयार झालेली ‘ग्लिटर’ व मेलबर्नमध्ये तयार झालेली ‘आयोलाइट’ या प्रणाली परिचित आहेत. संग्रहात केवळ अंतिम टक्केवारी ठेवली असेल, तर सुधारित स्थिरांक घेऊन फेरगणना करता येत नाही. मूळ काउंट्स (उपकरणाने मोजलेले कच्चे संकेत) जपावे लागतात ते याचसाठी.