आयरिश जिग आणि हौशी मँडोलिनवादन

आयर्लंडच्या पारंपरिक नृत्यसंगीतात ६/८ लयीत चालणाऱ्या धुनांना जिग म्हणतात. अशी धून मँडोलिनवर बसवायची, पुरती बसण्याआधीच चार वादकांना ऐकवायची, त्यांची ऐकायची आणि एकमेकांना पुढच्या धुनेसाठी हुरूप द्यायचा, ही हौशी वादकांची रीत आयर्लंडमध्ये रुळलेली आहे. आयरिश माणूस पोटापाण्यासाठी जिथे गेला त्या ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही ती दिसते. ‘हौशी’ हा शब्द इथे कमीपणाचा समजू नये. या संगीतावर पोट भरणारे नेहमी थोडेच होते. शेतकरी, मजूर, पोलीस, शिक्षक यांनीच ते सांभाळले. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातली सीमाही पुसट असते. जो आज एखादी जिग दुसऱ्याकडून उचलतो, तोच पुढच्या आठवड्यात ती तिसऱ्याला देतो.

घडण

डबल जिग हा सर्वांत जास्त वाजणारा प्रकार. त्याच्या एका आवर्तनात तीन-तीन स्वरांचे दोन गट येतात. आठ आवर्तनांचा एक भाग दोनदा वाजतो, मग आठ आवर्तनांचा दुसरा भाग दोनदा, अशी ३२ आवर्तनांची एक फेरी होते. काही जिगना तीन, चार किंवा पाच भागही असतात. याखेरीज ९/८ मधली स्लिप जिग आणि कॉर्क-केरी सीमेवरच्या डोंगराळ भागात आवडीने वाजणारी, १२/८ मध्ये लिहिली जाणारी स्लाइड हे त्याच घराण्यातले प्रकार आहेत.

कागदावर डबल जिग दादऱ्यासारखी दिसते, आणि मराठी कानाला पहिली ओळख पटते तीही दादऱ्याचीच. पण तीनही स्वर सारख्या लांबीचे वाजवले तर जिग उभीच राहते, नाचत नाही. गटातला पहिला स्वर किंचित रेंगाळतो, मधला हलका आणि आखूड होतो, तिसरा पुढच्या गटाकडे ढकलतो. किती रेंगाळायचे हे प्रांताप्रांतात आणि माणसामाणसात बदलते. वादक या गुणाला ‘लिफ्ट’ म्हणतात. ती कुठल्याच स्वरलिपीत उतरत नाही, म्हणून जिग पुस्तकातून काढणाऱ्यालाही अखेर कोणाच्या तरी शेजारी बसावे लागते.

स्वरांच्या बाबतीत मात्र आपल्या वाचकाला परकेपण फारसे वाटणार नाही. ‘द केश जिग’ बिलावल थाटाच्या स्वरांत आहे, ‘मॉरिसन्स जिग’ काफीच्या, तर ‘बॅनिश मिसफॉर्च्युन’ मुख्यतः खमाजच्या. थाटाचे स्वर तेवढे जुळतात. रागाची बढत, विस्तार असे इथे काही नसते. धून तीच, फेरीगणिक थोडी वेगळी सजवलेली.

वाद्य

मँडोलिनच्या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत असतात आणि जी, डी, ए, ई अशा लावतात. व्हायोलिनचे लावणे हेच. आयरिश संगीताचा मोठा साठा फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवरच, घडलेला असल्याने फिडलची बोटे मँडोलिनवर जशीच्या तशी बसतात. शिवाय पडदे असल्यामुळे सूर चुकण्याची भीती नसते. चाळिशीत संगीत सुरू करणारा माणूस फिडल सोडून मँडोलिन का घेतो, याचे उत्तर बहुतेक वेळा इतकेच असते. बासरी आणि इलन पाइप्स (कोपराने भात्यातून हवा भरायची आयरिश बॅगपाइप) या वाद्यांचा खालचा स्वर डी असल्याने बहुतेक जिग त्याच्या खाली जात नाहीत. परिणामी मँडोलिनची जी तार अनेक धुनांत रिकामीच राहते.

हे वाद्य मूळचे इटलीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत त्याची मोठी लाट आली होती. आयरिश संगीतात ते ठळक झाले १९६० नंतरच्या लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनात. अँडी अर्व्हाइन यांनी आधी ‘स्वीनीज मेन’ आणि १९७२ पासून ‘प्लँक्स्टी’ या गटांत मँडोलिन वाजवले. लिमरिकचे मिक मोलोनी (१९४४–२०२२) अमेरिकेत स्थायिक झाले. बँजो आणि मँडोलिन वाजवता वाजवता ते लोकसाहित्याचे अभ्यासक आणि अनेक तरुण वादकांचे मार्गदर्शक झाले. भारतात मँडोलिन ओळखीचे झाले ते हिंदी चित्रपटगीतांतून. संगीतकार सज्जाद हुसेन त्यावर रागसंगीत वाजवत, आणि यू. श्रीनिवास यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. आयरिश वादनाचा त्याच्याशी संबंध नाही. इथे मींड नसते, सगळी भिस्त उजव्या मनगटावर.

उजवा हात

जिगच्या तीन स्वरांना पिकचे (तारा छेडायच्या छोट्या पातळ चकतीचे) आघात ‘खाली-वर-खाली, खाली-वर-खाली’ असे द्यावेत, असे बहुतेक शिक्षक सांगतात. नुसते खाली-वर आलटून पालटून वाजवले तर दुसऱ्या गटाचा पहिला स्वर वरच्या आघातावर पडतो, आणि तो स्वाभाविकच हलका असतो. तीनाच्या हिशेबात दोन्ही गट जोरकस आघाताने उघडतात. किंमत अशी की गटांच्या सांध्यावर लागोपाठ दोन आघात खाली द्यावे लागतात, आणि वेग वाढला की तिथेच हात अडखळतो. म्हणून काही चांगले वादक सरळ आलटून पालटूनच वाजवतात आणि वजन मनगटाने भरून काढतात. दोन्ही रीतींचे कट्टर पुरस्कर्ते आहेत, आणि हा वाद मिटण्याची चिन्हे नाहीत. नवशिक्याने मात्र तीनाची रीत आधी हातात मुरवावी. दुसरीवर वाढलेल्याची जिग पुष्कळदा सपाट ऐकू येते, आणि ते त्याचे त्याला कळत नाही.

फिडलवाला एका गजात पाच स्वरांची गुंडाळी करतो, तिला ‘रोल’ म्हणतात. मँडोलिनचा स्वर छेडताक्षणी विरू लागतो, त्यामुळे रोल तितका खुलत नाही. त्याच्या जागी ‘ट्रेबल’ येते: एकाच तारेवर तीन झटपट आघात, पिक सैल धरून. ते नीट जमायला महिने लागतात, आणि जमले की माणूस ते प्रत्येक ओळीत घालू लागतो. जुने वादक नवोदिताला सगळ्यात जास्त वेळा देतात तो सल्ला म्हणजे निम्मी ट्रेबल काढून टाकण्याचा.

देवाणघेवाण

या व्यवहाराचा एक ठसठशीत जुना दाखला शिकागोतला आहे. कॉर्क परगण्यातून आलेले फ्रान्सिस ओ’नील (१८४८–१९३६) हे १९०१ ते १९०५ या काळात त्या शहराचे पोलीसप्रमुख होते आणि बासरी वाजवत. पोलीस दलातल्या आणि शहरातल्या आयरिश लोकांकडून ते धुना ऐकत. स्वरलेखनाचे काम जेम्स ओ’नील हे त्यांचे सहकारी करत. दोघांचे आडनाव एक असले तरी नाते नव्हते. १९०३ मध्ये या खटाटोपातून १,८५० धुनांचा संग्रह छापला गेला. पुढच्या पिढीत न्यूयॉर्कमधले स्लायगोचे फिडलवादक मायकल कोलमन आणि जेम्स मॉरिसन यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आयर्लंडमधल्या घरांत पोहोचल्या, आणि तिथली मंडळी परदेशात गेलेली आपलीच धून तबकडीवरून पुन्हा शिकू लागली.

आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा झाला. त्याच्या धाकाने घराघरातले नाचही आटले आणि संगीताची जुनी जागा गेली. महायुद्धानंतर लंडनमधल्या आयरिश कामगारांनी पबमध्ये गोल करून वाजवायला सुरुवात केली. ‘सेशन’ ही आजची बैठक मुख्यतः तिथून पसरली. १९५१ मध्ये मलिंगर येथे कोल्तस केओल्तोरी एरन ही संघटना उभी राहिली. तिच्या वार्षिक ‘फ्ला’ महोत्सवात मँडोलिनची स्वतंत्र स्पर्धाही होते. क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबे गावी १९७३ पासून भरणाऱ्या विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेत वर्गात शिकायचे आणि संध्याकाळी गावभर वाजवायचे, असा आठवडा जातो.

सेशनमध्ये मँडोलिनवाल्याची अडचण निराळी आहे. दोन अकॉर्डियन आणि चार फिडल सुरू झाली की त्याचे वाद्य त्याचे त्यालाच ऐकू येत नाही. त्याला कोणी चांगले म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही. काहीजण यावर टेनर बँजो घेतात. ‘डब्लिनर्स’मधल्या बार्नी मॅकेना यांच्यामुळे त्या बँजोला मँडोलिनच्या एक सप्तक खाली लावायची पद्धत रूढ झाली, त्यामुळे बोटे तीच राहतात. उरलेले वादक स्वयंपाकघरात, दोघा-चौघांच्या गटात, किंवा स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून एकमेकांना पाठवून आपली बैठक जमवतात. मँडोलिनवाल्यांमध्ये ही स्वतंत्र देवाणघेवाण इतकी का फोफावली, याचे कारण वाद्याच्या लहान आवाजातच आहे.

तिची रीत साधी असते. एखादी धून ठरते, ज्याला जमेल तो ती आपापल्या वेगाने वाजवून पाठवतो. कोणी नुसती धून, कोणी दुसऱ्या मँडोलिनची साथ चढवून, कोणी गिटारसह. मूळ पाठ कोणता यावर कोणी हटून बसत नाही, कारण एकच धून क्लेअरमध्ये एक आणि डोनेगलमध्ये दुसरी असते. स्वर कळवायचे तर ख्रिस वॉल्शॉ यांनी केलेली एबीसी लिपी कामी येते; तिच्यात साध्या अक्षरांत पूर्ण धून मावते आणि ती संदेशात टाइप करता येते. धून कानाने उचलणारे मूळ स्वर न बदलता वेग निम्मा करणारे अ‍ॅप वापरतात.

दाद देण्यालाही शिष्टाचार आहे. समोरासमोरच्या बैठकीत धुनेच्या मधेच ‘हप!’ असा पुकारा होतो, तबल्याच्या समेवर आपल्याकडे ‘वाह’ निघावी तसा. पण नवशिक्यासाठी सगळ्यात मोठी दाद म्हणजे त्याने धरलेली जिग इतरांनी त्याच्याच संथ वेगात उचलणे; वेग त्याच्यावर लादणे असभ्य मानले जाते. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत आधी जे जमले त्याचा नेमका उल्लेख येतो: दुसऱ्या भागातला उठाव, ठेक्याचा समतोल, दोन धुनांमधली उडी. दुरुस्ती मागितली तरच मिळते. बाहेरून पाहणाऱ्याला हे गोडगोड कौतुक वाटते, आणि कधी ते तसे असतेही. ‘छान’ या एका शब्दाने कोणाचे ट्रेबल सुधारलेले नाही. तरीही कोणतीही परीक्षा, बिदागी किंवा प्रेक्षक नसताना लोक वर्षानुवर्षे टिकतात ते याच कौतुकाच्या बळावर. ज्या गटांत नेमकेपणाने ऐकणारे दोनतीन जण असतात तिथले वादन सुधारत जाते, हे त्यांची जुनी-नवी ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली की कळते.

२०२० मध्ये पब बंद झाले, त्या वर्षीचा फ्लाही रद्द झाला. इंटरनेटवरून एकत्र वाजवण्याचे प्रयत्न फसले, कारण आवाज पोहोचायला लागणारा सेकंदाचा अंश बोलण्यात जाणवत नसला तरी जिगमध्ये तीनाचा गट मोडतो. मग एकाने वाजवायचे आणि बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवून घरी त्याच्याबरोबर वाजवायचे, अशी तडजोड निघाली. तिच्यामुळे ज्यांच्या गावात सेशनच भरत नाही असे वादकही आत आले.

धून कोणाकडून घेतली ते सांगण्याचा संकेत या सगळ्यात टिकून आहे. अलीकडच्या रचनांना ज्ञात रचनाकार असतात, आणि त्यांचे नाव गाळून सरसकट ‘पारंपरिक’ म्हणणे बरे दिसत नाही. जुन्या धुनांबाबत उलटे घडले: ‘टोबिन्स फेव्हरिट’ किंवा ‘मॉरिसन्स जिग’ यांत रचनाकाराचा पत्ता नाही, ज्याच्या तोंडून वा वाद्यावरून ती ऐकली त्याचे नाव तिला चिकटले. त्यामुळे एका जिगला पाच-सहा नावे असणे आणि एका नावाखाली दोन वेगळ्या जिग सापडणे नेहमीचेच आहे. नाव कोणालाच आठवत नसेल तर ‘निनावी’ अशी नोंद करून ती वाजवली जाते.