लघुॲटलासमधील नकाशे

सोळाव्या-सतराव्या शतकांत नेदरलँड्‌समध्ये निघालेल्या, हातात सहज मावणाऱ्या ॲटलासमधील नकाशे जमवणे आणि ते कोणी कोरले याचा माग काढणे, हा नकाशासंग्राहकांचा एक जुना छंद. या प्रकाराची सुरुवात १५७७ पासून धरतात. अब्राहम ऑर्टेलियसचा १५७० चा ॲटलास महाग आणि अवजड होता. त्यातील नकाशे अँटवर्पच्या फिलिप गाले याने लहान करून तांब्याच्या पत्र्यांवर कोरले, पीटर हाइन्सने डच पद्यात मजकूर लिहिला आणि ७२ नकाशांचे छोटेखानी पुस्तक तयार झाले. नकाशा जेमतेम ८ × ११ सेंमी.; त्यामुळे गावे, नद्या बऱ्याच गाळाव्या लागल्या.

कारागीर ओळखताना सहीवर फार विसंबता येत नाही. नावापुढे ‘स्कुल्प्सिट’ असेल तर तो कोरणारा, ‘एक्सकूडिट’ असेल तर प्रकाशक. नवखे इथेच फसतात. पुष्कळ नकाशांवर तर यांपैकी काहीच नसते. मग अक्षरांची वळणे, समुद्र दाखवण्याची तऱ्हा, नावांच्या चौकटींची नक्षी पडताळावी लागते. बारेंट लांगेनेसच्या १५९८ च्या लघुॲटलासचे पत्रे योडोकस होंडियस आणि पीटर व्हान डेन केरे यांनी कोरले. हे दोघे मेहुणे. फ्लँडर्समधून परागंदा होऊन लंडनला राहिलेले आणि १५९३ च्या सुमारास ॲम्स्टरडॅमला आलेले. बिनसहीच्या नकाशावर दोघांचे हात वेगळे काढणे जाणकारांनाही जड जाते.

हेच पत्रे पुढे पेट्रस बर्टियसच्या लॅटिन ॲटलासला लागले. १६१६ च्या आवृत्तीसाठी मात्र होंडियसच्या मुलाने नवे कोरले. म्हणजे नुसते ‘बर्टियसचा नकाशा’ म्हणणे अपुरे. मर्केटरच्या १६०७ च्या लघुॲटलासचे पत्रे तर लंडनला गेले आणि १६२५ मध्ये सॅम्युएल पर्चसच्या प्रवाससंग्रहात छापले गेले.

लांगेनेसचा ॲटलास विकणाऱ्या कॉर्नेलिस क्लासने १५९६ मध्ये लिन्सकोटेनचे प्रवासवर्णन काढले होते. लिन्सकोटेन गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. मराठी संग्राहक भारताची पाने शोधतात त्याला अशी जवळची पार्श्वभूमी आहे.

आवृत्ती ठरते ती मुख्यतः पाठीमागच्या मजकुराची भाषा आणि पृष्ठक्रमांक यांवरून. पुसट रेघा, पुन्हा गिरवलेल्या खुणा पत्र्याचे वय सांगतात. रंगावरून काही ठरवू नये, कारण तो बहुधा नंतर भरलेला असतो. पुस्तके फाडून सुटी पाने विकताना कडा छाटल्या जातात आणि त्यांबरोबर कधीकधी पृष्ठक्रमांकही जातो.