गावतळ्यातली जलपर्णी: ठराव, कागदपत्रे आणि निधी

गावतळ्यातली जलपर्णी काढायला निधी मागणारा अर्ज लिहायला बसण्याआधी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून (म्हणजे आपल्या तलाठ्यांकडून) तळ्याच्या गटाचा सातबारा आणि गावनकाशा काढा. सातारा-सांगलीत गावतळं बहुधा ग्रामपंचायतीचं असतं, पण 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे पाझर तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या खात्यांकडे. मालक दुसरा असेल तर त्याचं ना हरकत पत्र आधी लागेल. मासेमारीचा ठेका दिला असेल तर मच्छीमार संस्थेलाही सुरुवातीलाच विश्वासात घ्या.

मग ग्रामसभेचा ठराव. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल तेवढे हजर हवेत. ठरावात फक्त ‘जलपर्णी काढणे’ एवढंच लिहू नका. गटाराचं पाणी तळ्यात येतंय तोवर जलपर्णीला नत्र आणि स्फुरद मिळत राहणार, धुमाऱ्यांनी वेल पसरत राहणार आणि गाळातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहणार. म्हणून सांडपाणी वळवणं किंवा शोषखड्डे, जलपर्णी काढणं, गाळ काढणं आणि पुढची देखभाल ही चारही कामं एकाच ठरावात घ्या. माझ्या मते सांडपाण्याची सोय नसलेला प्रस्ताव पाठवूच नये. तो पैसा पाण्यातच जातो.

प्रस्तावाला जोडायचे कागद: ठरावाची प्रत, सातबारा व नकाशा, ना हरकत, स्थळदर्शक फोटो, पाणी तपासणीचा अहवाल, अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि देखभालीचं हमीपत्र. अंदाजपत्रकात काम चौरस मीटरमध्ये मोजा. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वजनावर बिल ठरलं तर त्या पाण्याचेही पैसे द्यावे लागतात. उपसलेली वेल काठापासून लांब वाळवून कंपोस्ट करण्याचा खर्चही धरा, नाहीतर पहिल्या वळवाला ती परत तळ्यात. काम फेब्रुवारी ते मे दरम्यान, पाणी उतरलेलं असताना.

निधी एका ठिकाणाहून पुरत नाही. सांडपाण्याचं काम वित्त आयोगाच्या निधीतून, ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून करता येतं. पंधराव्या आयोगाने 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवला होता. गाळासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना आहे. 2023 च्या निर्णयानुसार शेतात गाळ पसरायला अल्प व अत्यल्पभूधारकांना एकरी 15,000, जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी 37,500 रुपये. विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतले शेतकरीही यात बसतात. वाळू मात्र काढता येत नाही. शहरातल्या तळ्यांसाठी पालिकेने पर्यावरण विभागाकडे राज्य सरोवर संवर्धन योजनेतून प्रस्ताव द्यायचा असतो.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही (सीएसआर) मागता येतो. मात्र त्याची सक्ती कंपनी कायद्यातली आहे, ती सहकारी साखर कारखान्यांना लागू नाही. म्हणून कुपवाड, मिरज, शिरवळच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांकडे जा. संस्थेमार्फत काम करणार असाल तर तिची सीएसआर-1 नोंदणी (हा निधी घेण्यासाठी संस्थेला लागणारी सरकारी नोंदणी) झालेली आहे का, हे आधी पाहून घ्या.