ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बघताना इंजिन चालू का ठेवायचं?

‘सकाळी गाडी थंड असताना डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा घालून बघा’ असा सल्ला देणारे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. इंजिन ऑइलपुरतं ते ठीक. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तोच नियम लावला, की पातळी हमखास चुकीची दिसते.

कारण गिअरबॉक्समधलं हे ऑइल, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), नुसतं वंगण नाही. इंजिनाची ताकद गिअरपर्यंत तेच पोचवतं. मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक बंद, गोल डबा असतो. त्यातला इम्पेलर, म्हणजे पात्यांचं एक चाक, इंजिनाबरोबर फिरतो आणि ऑइल कडेकडे भिरकावतो. ते समोरच्या दुसऱ्या चाकाच्या, टर्बाइनच्या, पात्यांवर आदळतं आणि टर्बाइन फिरू लागतं. दोघांत धातूचा सांधा नसल्यामुळेच सिग्नलला ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. टर्बाइनमधून बाहेर पडणारं ऑइल उलट्या दिशेला वळलेलं असतं. तसंच परतलं तर ते इम्पेलरलाच विरोध करील. म्हणून मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक बसवतात. त्याची पाती हा प्रवाह इम्पेलरच्या दिशेने वळवतात, आणि प्रवाह वळवताना बसणारा धक्का स्टेटरच्या एकेरी (एकाच दिशेला फिरू देणाऱ्या) क्लचमार्फत गिअरबॉक्सच्या कवचावर जातो. टर्बाइनवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) म्हणजे इम्पेलरचा टॉर्क अधिक स्टेटरची प्रतिक्रिया. गाडी जागची हलताना तो इंजिनाच्या साधारण दुप्पट भरतो. ऊर्जा फुकट मिळत नाही, टर्बाइनचा वेग तेवढा कमी असतो. टर्बाइनने वेग पकडला की ऑइल स्टेटरच्या पात्यांवर मागून आदळतं, एकेरी क्लच सुटतो आणि स्टेटरही प्रवाहाबरोबर फिरू लागतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये ही कल्पना पेटंट केली, ती जहाजांसाठी!

आता पातळीकडे. मोटर लावली की सोसायटीच्या खालच्या टाकीतलं पाणी उतरतं, कारण ते पाइपांत आणि वरच्या टाकीत गेलेलं असतं. इथेही तसंच. इंजिन चालू झालं की पंप चेंबरमधलं (गिअरबॉक्सच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल उचलून कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह आणि कूलरच्या नळ्या भरतो. इंजिन बंद केलं की त्यातलं बरंच परत खाली येतं आणि डिपस्टिक उगाच ‘फुल’ दाखवते.

तापमानाचाही हिशोब आहे. ऑइल दर अंशाला साधारण 0.07 टक्के प्रसरण पावतं. 8 लिटर ऑइल 25 अंशांवरून 85 अंशांवर गेलं, तर सुमारे पाव ते अर्धा लिटर वाढ! म्हणून गाडी चांगली चालवून आणा, सपाट जागी ‘पी’मध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा. डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. दोन्ही बाजूंना वेगळी पातळी दिसली, तर खालची खरी. वरचा ओलावा डिपस्टिकच्या नळीतून लागलेला असतो. मात्र होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम करून, बंद करून, लगेच बघतात. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

आपल्याकडच्या अनेक नव्या गाड्यांना ही डिपस्टिकच नसते. तिथे ठरलेल्या तापमानाला खालचा प्लग उघडून पातळी बघतात. ते गॅरेजचं काम. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाडीत तर टॉर्क कन्व्हर्टरच नसतो, साधा क्लच मशीन दाबतं, त्यामुळे यातलं काही तिला लागू नाही.

‘लाइफटाइम ऑइल’ हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. कोणाचं लाइफ, हे कंपनी सांगत नाही. गिअरबॉक्स ‘नवा करणारी’ बाटली आणि बंपरला टांगलेलं लिंबू-मिरची यांत मला तरी लिंबू-मिरची बरी वाटते, निदान ऑइलमध्ये मिसळत नाही. जळका वास येणारं, काळपट एटीएफ म्हणजे आतल्या क्लचप्लेट जळाल्याची शक्यता. बाटलीने त्या परत उगवत नाहीत.

पातळी कमी निघाली, तर थोडं थोडं टाका. जास्त झालं, तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. फेसातली हवा दबते, ऑइलचा दाब कमी होतो आणि गिअर स्लिप होऊ लागतात, अगदी ऑइल कमी असल्यासारखेच. आणि एटीएफ इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही. कमी झालं असेल, तर ते कुठून तरी गळतंय: ॲक्सलचं सील, कूलरचा पाइप आणि चेंबरचं पॅकिंग आधी तपासा.