सभासदांची वीज: मैलामागे आठ वीजमीटरचं गणित

1935 साली अमेरिकेतल्या दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज होती. मैलभर तार ओढून तीन-चारच घरं मिळणार असतील तर पैसे निघायचे कधी, हा खासगी कंपन्यांचा हिशेब. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी कर्जाची सोय केली. शेतकऱ्यांनी घरोघर फिरून सभासद गोळा केले, साधारण 5 डॉलर प्रवेश फी भरली आणि स्वतःच्या वीज संस्था काढल्या. 1944 पासून कर्ज मिळायचं 2 टक्के व्याजाने, 35 वर्षं मुदतीचं. आज अशा सुमारे 900 संस्था आहेत. पण मैलभर लाइनमागे वीजमीटर सरासरी आठच. इतर कंपन्यांना तिशीच्या वर मिळतात.

लाइनची घडणही या विरळ वस्तीतून ठरली. आपल्याकडे एका डीपीवरून अख्ख्या वस्तीला लघुदाबाच्या तारा जातात. तिथे फाट्यावरची लाइन एकाच फेजची: वर 7,200 व्होल्टची एक तार, खाली ठिकठिकाणी अर्थ केलेली न्यूट्रल. घराजवळच्या खांबावर 10-15 केव्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर. तेवढीच वीज 240 व्होल्टने नेली तर करंट 30 पट वाढतो, आणि त्याच जाडीच्या तारेत गळती 900 पट!

लाइन लांब, लाइनमन मोजके. म्हणून खांबावर रिक्लोजर बसवतात. तारेला फांदी घासली की तो क्षणात लाइन तोडतो आणि एक-दोन सेकंदांनी परत जोडतो. घरात दिवा मिचकावतो तो यामुळे. पहिल्या एक-दोन वेळा तो इतक्या झटपट उघडतो की फाट्याचा फ्यूज वाचतो. बिघाड तसाच राहिला तर पुढच्या खेपेला मुद्दाम थांबतो, म्हणजे फ्यूज उडून तेवढाच फाटा बंद पडावा. तरीही भागलं नाही तर, बहुधा चौथ्या वेळी, तो लाइन बंदच ठेवतो. याची दुबळी बाजूही ध्यानात ठेवायला हवी: तुटलेली तार कोरड्या मातीवर पडली तर करंट इतका कमी वाहतो की रिक्लोजरला तो नेहमीचाच लोड वाटतो. पडलेल्या तारेजवळ जायचं नाही, ते यासाठी.

पैशाची रीत दूध संघ दिवाळीला देतो त्या दरफरकासारखी आहे, फक्त दिवाळी फार उशिरा येते. समजा वर्षाची विक्री 4 कोटी डॉलर आणि शिल्लक 20 लाख, म्हणजे 5 टक्के. ज्याने 1,800 डॉलर बिल भरलं त्याच्या खात्यावर 90 डॉलर जमा होतात. ते लगेच हातात पडत नाहीत. खांब-तारांसाठी भांडवल म्हणून वापरून अनेक संस्था पंधरा-वीस वर्षांनी परत करतात. तोवर सभासद गाव सोडून गेला, पत्ता कळवला नाही, तर चेक पडून राहतो. मत मात्र प्रत्येकाला एकच, बिल कितीही असो. आम्हाला या व्यवस्थेचा खरा कणा तोच वाटतो. वार्षिक सभेला माणसं येईनाशी झाली की थोडेच लोक वर्षानुवर्षं संचालक मंडळावर राहतात.

भारतात 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं. त्यानंतर अमेरिकी धर्तीवर ज्या पाच संस्था उभ्या राहिल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा होती. घाऊक वीज मंडळाकडून घ्यायची आणि त्यातली बरीच शेतीपंपांना स्वस्तात द्यायची, या ओढाताणीत वीजखरेदीची थकबाकी वाढत गेली. 2011 च्या सुरुवातीला परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. त्याच पाचांतली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था आजही तालुक्याला वीज पुरवते.