बायकांचा हुकूम आणि खेड्यातला जवान : ही भानगड कुठून सुरू झाली

आर्मीतल्या लेडी ऑफिसरना पर्मनंट कमिशन, म्हणजे रिटायर होईपर्यंतची कायम नोकरी, द्यायचं का नाही याची केस सुप्रीम कोर्टात होती, त्यात केंद्र सरकारने लेखी सांगितलं होतं की जवान बहुतेक खेड्यातून येतात, तिथल्या चालीरीती अशा आहेत की बाईचा हुकूम मानायला त्यांच्या मनाची तयारी अजून झालेली नाही. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. खेडं म्हणजे आम्हीच ना! आम्ही वर्धा जिल्ह्यातले, पुलगावकडचे, आणि आमच्या नावाने कोर्टात काय सांगितलं हे आम्हालाच माहीत नव्हतं. म्हणून मागचं सगळं नीट मांडतो.

फौजेत बायका नवीन नाहीत. मिलिटरी नर्सिंग १८८८ पासून आहे. १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी सिंगापूरला झाशीची राणी रेजिमेंट उभी केली, कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन तिच्या प्रमुख, आणि त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या कितीतरी पोरी होत्या, ज्यांनी भारत कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. रायफल हातात घ्यायला त्यांच्या मनाची तयारी कोणी तपासली नव्हती. पण स्वातंत्र्यानंतर १९५० चा आर्मी अ‍ॅक्ट आला, त्याच्या कलम १२ ने ठरवलं की सरकार ज्या शाखांसाठी नोटिफिकेशन काढेल तेवढ्या सोडून बाईला भरती नाही. चाळीस वर्षं हे असंच चाललं. तिकडे कॅनडाने १९८९ मध्ये जवळपास सगळ्या लढाऊ जागा खुल्या केल्या, अमेरिकेने २०१५ च्या शेवटी, ब्रिटनने २०१८ ला.

आपल्याकडे १९९२ ला पहिल्यांदा नर्स-डॉक्टर सोडून बाकी काही शाखा उघडल्या, त्यात ऑर्डनन्स, म्हणजे दारूगोळा-हत्यारं पुरवणारी शाखा, पण होती. आमच्या पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो ऑर्डनन्सचाच. कागदावर ही लढाऊ शाखा नाही, पण २०१६ च्या मे महिन्यात त्या डेपोला रात्री आग लागली, स्फोट झाले, आजूबाजूची गावं रातोरात घरदार सोडून पळाली, आणि आग विझवायला गेलेले डेपोचे फायरमन आणि दोन ऑफिसर जिवानिशी गेले. तेव्हापासून मला हा 'लढाऊ' आणि 'बिनलढाऊ' फरक पटत नाही. कारगिलला १९९९ मध्ये हवाई दलाच्या पायलट गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर उडवली, जखमी जवान आणले. त्यांचीही नेमणूक लढाऊ नव्हती, तोफा मात्र खऱ्याच होत्या.

खरी अडचण पेन्शनची होती. लेडी ऑफिसरला सुरुवातीला पाच वर्षांची नोकरी, मग वाढवत वाढवत चौदापर्यंत, आणि पेन्शनला लागतात वीस. म्हणजे ऐन उमेदीची चौदा वर्षं फौजेला द्यायची आणि रिकाम्या हाताने घरी यायचं, आणि सोबतच्या पुरुषाला मात्र पर्मनंट कमिशन मागायची सोय. २००३ मध्ये वकील बबिता पुनिया यांनी दिल्ली हायकोर्टात याचिका टाकली, २०१० ला निकाल बाजूने लागला, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पर्मनंट कमिशन द्या, कमांडच्या, म्हणजे तुकडीवर हुकूम चालवायच्या, पोस्टवर सरसकट बंदी चालणार नाही, आणि ते खेड्यातल्या जवानांचं कारण फेटाळलं. त्या निकालात सोफिया कुरेशींचं नाव होतं, २०१६ ला पुण्याच्या बहुराष्ट्रीय सरावात भारताची तुकडी त्यांनी चालवली होती म्हणून. त्याच कर्नल कुरेशी मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला टीव्हीवर आल्या तेव्हा आमच्या पानटपरीवर सगळे माना वर करून ऐकत होते, कोणाच्या मनाला काही जड गेल्याचं दिसलं नाही.

तरी अडवणूक संपली नाही. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना तब्येतीचा असा निकष लावला जो पुरुषांना तरुणपणीच लावून झालेला असतो, आणि गोपनीय अहवाल तर अशा काळातले की तेव्हा यांना पुढे करिअरच नव्हतं, म्हणून लिहिणाऱ्यांनी मन लावून लिहिलेच नव्हते. मार्च २०२१ मध्ये कोर्टाला हेही भेदभाव म्हणून सांगावं लागलं.

हवाई दल पुढे गेलं, २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग फायटरला आल्या. कोर्टाच्या आदेशाने मुलींना एनडीएचं, म्हणजे ऑफिसर घडवणाऱ्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीचं, दार उघडलं आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली बॅच पास झाली. तोफखान्यात २०२३ पासून लेडी ऑफिसर आहेत.

पण हे सगळं ऑफिसरचं झालं. आमच्याकडे पहाटे पऱ्हाटीच्या वावरांमधल्या डांबरी रोडवर पोट्ट्या धावतात, ओढणी कमरेला आवळून बांधलेली, एक रिटायर फौजी काका टेपने आठशे मीटर मोजून चुन्याची रेघ मारून ठेवतात आणि हातात मोबाईल धरून टाईम ओरडतात. बहुतेकींची तयारी पोलीस भरतीची, कारण जवान म्हणून आर्मीत जायला मुलीला मुख्य वाट एकच, मिलिटरी पोलीस, तीही २०१९ ला उघडली आणि २०२१ ला पहिल्या ८३ जणी पास होऊन निघाल्या. पायदळ, रणगाडे, मेकॅनाइज्ड इन्फंट्री (चिलखती गाड्यांतून लढणारं पायदळ) लेडी ऑफिसरलाही बंद. नागपूरजवळ कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, तिथे रिक्रूट म्हणून आजही फक्त पोरंच जातात.