ज्वारीचा सरळ वाण की हायब्रिड? आधी हंगाम बघा, मग मुरूम

बाजारात खरिपाच्या ज्वारीला सर्रास ‘हायब्रिड’ म्हणतात आणि रब्बीच्या ज्वारीला ‘शाळू’ नाहीतर ‘मालदांडी’. धान्य घेणाऱ्याला एवढं पुरतं, बी घेणाऱ्याला पुरत नाही. खरिपातही सरळ वाण असतात, रब्बीसाठीही संकरित वाण काढलेले आहेत, आणि रब्बीची प्रत्येक ज्वारी मालदांडी नसते. या घोळात चुकीची पिशवी घरी आली की नुकसान पेरणीत दिसत नाही. ते पोटरीत, कधी कधी थेट खळ्यावर कळतं.

सरळ किंवा सुधारित वाण म्हणजे निवडीनं स्थिर केलेली जात. ज्वारीचं कणीस बहुतांशी स्वतःच्याच परागानं भरतं, म्हणून चांगल्या कणसाचं बी पुढच्या वर्षी पेरलं तरी पीक तसंच येतं. हायब्रिड मात्र दरवर्षी नव्यानं घडवावं लागतं. त्यासाठी परागच तयार न करणारी मादी ओळ आणि परागक्षमता परत आणणारी नर ओळ शेजारी शेजारी पेरतात, आणि मादीच्या कणसात भरलेलं बी आपल्या पिशवीत येतं. त्या बियाण्याचं पीक जोमदार आणि एकसारखं असतं. पण त्याच पिकाचं धान्य पुन्हा पेरलं तर झाडं उंच-बुटकी होतात, फुलोरा मागेपुढे येतो आणि काही झाडांत परागच धरत नाही. म्हणून हायब्रिडचं घरचं बी पेरूच नये.

भारतातलं पहिलं व्यापारी हायब्रिड सीएसएच-1 हे 1964 साली आलं. त्यानंतर खरिपाचं चित्र पालटलं. पुढे सीएसएच-5, सीएसएच-9, सीएसएच-14, सीएसएच-16 अशी रांग लागली. पाऊस डोक्यावर असतो, खत लागू पडतं, आणि शंभर-एकशेदहा दिवसांत पीक निघतं. खरिपात चांगली जमीन असेल आणि वेळेवर खत देणार असाल, तर हायब्रिड घ्या, असं मी बिनदिक्कत सांगेन.

या लवकर येण्यातच खरिपाचं मोठं दुखणं आहे. जुन्या गावरान खरीप जाती दिवस लहान होऊ लागले की निसवायच्या, म्हणून पाऊस सरल्यावर त्यांचा दाणा भरायचा. हायब्रिड ठरल्या दिवसांत पिकतं, मग बाहेर पाऊस असो वा नसो. पक्व कणीस भिजलं की बुरशीनं दाणा काळा पडतो, आणि काळी ज्वारी भाकरीसाठी कोणी घेत नाही, ती कोंबडीखाद्याला जाते. परतीचा पाऊस जिथे रेंगाळतो तिथे दाणा काळा पडण्याला तग धरणारा वाण पाहावा. सीएसएच-16 त्यासाठी ओळखलं जातं, आणि सरळ वाणांत परभणी कृषी विद्यापीठाचा पीव्हीके-801. खरिपातल्या सरळ वाणांमध्ये परभणी शक्तीचंही नाव घ्यायला हवं. 2018 साली आलेल्या या वाणाच्या दाण्यात लोह आणि जस्त जास्त आहे, आणि ज्या घरात भाकरी हेच मुख्य अन्न आहे तिथे ही छोटी गोष्ट नाही.

रब्बीत हिशेबच उलटा. वरून पाऊस जवळजवळ नाही, जमिनीत साठलेल्या ओलीवर पीक काढायचं. सीएसएच-15आर, सीएसएच-19आर अशी रब्बी हायब्रिडं काढली गेली, तरी सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिवच्या कोरडवाहू रानात ती रुजली नाहीत. ओल तुटत गेली की हायब्रिडची आघाडी विरते. कोवळ्या रोपाचा मधला पोंगा मारणाऱ्या खोडमाशीपुढे ती बरीचशी कमजोर पडतात. आणि दाण्याला मालदांडीसारखी मोत्याची झाक येत नाही, म्हणजे भावही तसा मिळत नाही. कडब्याचाही प्रश्न आहेच. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याच्यासाठी ज्वारी म्हणजे निम्मं धान्य आणि निम्मा कडबा. कोरडवाहू रब्बीत म्हणून सरळ वाणच घ्यावा.

पण ‘सरळ वाण’ म्हटलं की पुष्कळ जण डोळे झाकून मालदांडी पेरतात. मला हा गैरसमज हायब्रिडच्या घोळापेक्षा जास्त महाग वाटतो. मालदांडी 35-1 ही सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेली जात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या खोल काळ्या रानाच्या जोरावर. त्या रानात ती दाणा भरेपर्यंत तग धरते. फूटभर मातीखाली मुरूम असलेल्या माळावर तिला लागणारे सव्वाशे दिवस ओल पुरतच नाही. दाणा भरताना ताण पडला की खोड आतून काळं होऊन ताटं लोळतात, तो खडखड्या रोग.

म्हणून बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी पहारीनं दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्या आणि मुरूम कितीवर लागतो ते बघा. 30 सेंटिमीटरपर्यंत माती असेल तर फुले अनुराधा किंवा फुले माऊली. अनुराधा 105 ते 110 दिवसांत येते. ती मालदांडीपेक्षा भारी आहे असं नाही, ओल संपण्याआधी ती दाणा भरून मोकळी होते इतकंच. 60 सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, फुले चित्रा, परभणी मोती किंवा मालदांडी. त्याहून खोल रानात फुले वसुधा, फुले यशोदा, सीएसव्ही-22आर. खोल जमीन आणि दोन-तीन पाणी हाताशी असतील तर फुले रेवती. रब्बी हायब्रिडचा विचार करायचाच असेल तर तो याच शेवटच्या रानात, आणि पहिल्या वर्षी एका तुकड्यापुरता.

पेरणीची वेळ दोन्हींना सारखीच बांधलेली आहे, कारण खोडमाशी बियाण्याची किंमत बघत नाही. खरीप जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटोपावा. रब्बी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. खरिपात उशीर आणि रब्बीत घाई, या दोन्हींत पोंगे मरतात.

पिशवीवरचं नाव नीट वाचा. सीएसएच असेल तर संकरित, सीएसव्ही असेल तर सरळ, आणि शेवटी ‘आर’ असेल तर रब्बीसाठी. वर सांगितलेले ‘फुले’ नावाचे सगळे वाण सरळ आहेत. टॅगचा रंग मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. निळा म्हणजे प्रमाणित, बीज प्रमाणीकरण यंत्रणेनं तपासलेलं बी. हिरवा म्हणजे सत्यप्रत, विकणाऱ्यानं स्वतःच्या हमीवर दिलेलं बी. दोन्ही रंगांत सरळ वाणही मिळतो आणि हायब्रिडही, त्यामुळे रंगावरून जात ठरवू नका.

सरळ वाणाचं बी घरी ठेवायचं असेल तर शेजारच्या ज्वारीचा पराग कमी पोचतो अशी रानाच्या मधली कणसं निवडा. वेगळ्या उंचीची, वेगळ्या कणसाची ताटं फुलोऱ्याआधीच उपटा. निवडलेली कणसं मळणीयंत्रात घालू नका, वेगळी बडवा, कडक वाळवा आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. दर तीन-चार वर्षांनी विद्यापीठाचं किंवा प्रमाणित ताजं बी आणून बदल करा.